कवना साहेबाची आकडी

आमच्या माळ्यावर एक आकडी आहे.
आंबे उतरवायच्या आकडीसारखी, पण तशी नाही:
पुढे वीतभर पातं, कुशीला बाक,
आणि बाकाची धार आतल्या अंगाला.
गिम्हवण्यात दुसऱ्या कुणाकडे अशी नाही.
माझ्या खापरपणज्याच्याही आज्याने, धाकू पांचाळाने,
ती घडवली कॅम्पातल्या एका पेन्शनर गोऱ्यासाठी.

फेलिम क्याव्हना त्याचं नाव.
आमच्या तोंडात त्याचा कवना झाला.
दापोलीच्या गार हवेत कंपनीने म्हातारे शिपाई ठेवले होते
बरणीतल्या लोणच्यासारखे.
रविवारी बाकीचे चर्चमध्ये शिरले
की हा हर्ण्याच्या वाटेला, एकटा,
खिशातली जपमाळ खिशातच फिरवत.

एकदा भट्टीपुढे बसून
कोळशाने भुईवर त्याने हे पातं काढलं.
"ह्यानं काय काढायचा, सायबा? फणस?"
कवना हसला. अर्ध्या मराठीत म्हणाला,
"घोड्याचा लगाम."

मग दिवेलागण झाली तरी सांगत राहिला.
चौदा वर्षांचा होता.
गावोगावच्या लोहारांनी रातोरात भाले केले होते.
स्वार अंगावर आला की बाकाने लगाम कापायचा,
मग पुढचं पात्याने.
जूनचा महिना, एक टेकडी,
तिच्या नावात शिरका होता, म्हणे.
वर माणसं, बाया, पोरं, शिजत ठेवलेली भांडी.
खालून तोफा.
"लगामापर्यंत कुणी पोचलंच नाही."

कुणाच्या तोफा, धाकूने विचारलं.
कवनाने आपल्याच लाल कोटाचं बटण
अंगठ्याने पुसून दाखवलं.

फास की फौज, असं विचारलं होतं त्याला.
फौज म्हणाला.
वीस वर्षांनी त्याच तोफांच्या मागे उभा राहिला,
आमच्या किल्ल्यांखाली.
कुठल्या, ते बोलला नाही.
धाकूनेही विचारलं नाही.
धाकूचा बाप मंडणगडावर होता; खाली आला नव्हता.

भाता मात्र थांबला नाही.
लोखंड पाण्यात चर्र झालं.
दोन आणे मजुरी, कवनाने चार ठेवले,
धाकूने दोन परत सरकवले.
"उद्या नेतो," म्हणाला.
त्या पावसात वारला.
कबर करवंदीच्या जाळीत आहे म्हणतात, मला सापडली नाही.

परवा मी ती काठीला बांधून पाहिली.
देठ सपकन कापतो.
आंबा धरायला मात्र खाली काही नाही,
दगडावर पडून फुटतो.
आई पडवीतून ओरडली,
"ठेव वर ती. आंब्यांची नाय."