पाठीवरचं ताटाळं

शालिमारच्या दुकानात त्यानं पुढे केली
साठ लिटरची सॅक, आडासारखी खोल.
मी म्हटलं, हिच्या तळाला गेलेली डिस्क
गळ टाकून काढायची का?
मग कॉलेजची बॅग बघा, म्हणाला.
तिच्यात सहा मावल्या. सातवीला चेन रडली.

सव्वीस वर्षं मी सातपूरला, इन्स्पेक्शनला.
चेन दहा वेळा उघडते, दहा वेळा लावते,
पट्ट्याची शिवण नखानं उचकून बघते
आणि रिजेक्ट म्हणते.
दुकानदारांना हे आवडत नाही.

द्वारकेला हमजाभाई कोकणी
ट्रकच्या ताडपत्र्या शिवतात.
त्यांच्यापुढे घरची दोन ताटं नि एक डिस्क
उभी करून दाखवली:
अशी, कडेवर, एकीला एक टेकून,
वरून बोट फिरवलं की हवी ती हाताला यावी.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"म्हणजे ताटाळं. पाठीवरचं."
कागदभर मापं लिहूनही मला जे सांगता आलं नव्हतं
ते त्यांनी एका शब्दात बेतलं.

समोरच्या किराणावाल्याच्या काट्यावर वजन केलं.
एक डिस्क पावणेदोनशे ग्रॅम,
वीस म्हणजे साडेतीन किलो,
वर पाण्याच्या दोन बाटल्या, टॉवेल, छत्री, डबा.
काटा सातावर थरथरला.
"सात किलो कमरेवर बसवू," हमजाभाई म्हणाले,
"खांदा नुसता साक्षीला."

तळाला द्राक्षाच्या क्रेटचा तुकडा घातला,
दंवाच्या गवतात टेकली तरी आत ओल नको.
पाठीला फोम. बाजूला बाटलीचे खिसे,
इतके घट्ट की वाकलं तरी बाटली पडू नये.
आणि माथ्यावर एक कप्पा, झाकण नसलेला,
जवळच्या फेकीच्या डिस्कसाठी,
कारण तीच सारखी लागते,
घरात मिठाचा डबा लागतो तशी.

आमच्या शहरात गोल्फ क्लब मैदान आहे.
तिथे क्रिकेट चालतं.
गोल्फ आमच्याकडे, धरणाच्या अलीकडच्या माळावर,
मेंढरांच्या वाटेत,
उन्मेषनं सायकलच्या चेनी वेल्ड करून केलेल्या
नऊ बास्केटांत.
डिस्क आत गेली की चेनी वाजतात
आणि मेंढपाळ आपलं कुत्रं आवरतो.

पहिल्या रविवारी वीसच्या वीस नेल्या.
फेकल्या चार.
बाकी सोळा फिरायला आल्या होत्या.
चौथ्या बास्केटच्या उतारावर बॅग टेकवली,
वळले, आणि मागे खडखड.
सगळं ताटाळं उलथून उताराला लागलेलं,
तांबड्या, पिवळ्या, आंधळ्या चकत्या
दगडांवरून उड्या मारत.
सुलक्षणा धावली, उन्मेष आडवा पडला,
मी मोजत उभी राहिले, सवयीनं.
एकोणीस.
विसावी, नारिंगी, पाण्यावर पोचली होती.
बुडत नव्हती. नुसती जात होती.

हमजाभाईंनी काही विचारलं नाही.
मोडक्या छत्रीचा दांडा कापून
खाली दोन पाय बसवले.
आता ती उतारावर शेळीसारखी उभी राहते,
तोंड चढाकडे करून.

अकराच नेते हल्ली.
जड त्या पाठीच्या बाजूला, हलक्या बाहेर.
छातीवरची बारीक पट्टी आधी कमरेची आवळून मग लावायची,
उलट केलं तर श्वास अडकतो,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

एक घर मात्र मोकळंच ठेवलेलं.
येताना गंगापूर रोडला हातगाडीवर
कोथिंबिरीची जुडी घेतली, उभी केली त्यात.
नेमकी बसली.
आता सगळ्याच डिस्कना वास येतो,
सुलक्षणा म्हणते, तुझी फेक चटणीसारखी.

सोमवारी, हातात व्हर्नियर,
मध्येच डावा हात कमरेकडे जातो
पट्टा थोडा सैल करायला.
पट्टा नसतो.