दाखल-खारीज

फेब्रुवारीत आमच्या प्रयोगशाळेला
अमोनियाचा वास येतो, ओल्या फडक्याचा,
आणि जर्नलच्या खाकी कव्हरला लावलेल्या खळीचा.
मी ब्युरेट धुतो. एकोणीस वर्षं हेच करतोय.
दहांतल्या चार गळतात, त्यांचे नंबर मला पाठ आहेत.
बाहेरचे परीक्षक यायच्या आदल्या संध्याकाळी
त्या चारही कपाटामागे जातात.

बारावी सायन्स, सिंदेवाही. चौपन्न पोरं.
जितके प्रयोग तितक्या सह्या,
एक जरी कमी पडली तरी शिक्का नाही.
हर्षल गहाणेचे नऊ प्रयोग बाकी,
तो बाकावर वाकून प्रणालीच्या वहीतून उतरवतोय.
तिने घाईत ९.८ चं ८.९ केलं होतं,
यानेही केलं.
त्या दोन वह्यांपुरतं
गुरुत्वाकर्षण तालुक्यात जरा कमी भरलं.
बोडखे मॅडमनी पाहिलं, पेनाचं टोपण काढलं,
काही बोलल्या नाहीत.

आचल मडावीची वही पुरी होती.
तिचं अडलं होतं भलतीकडेच.
सेतूतला पोरगा म्हणाला, पडताळणीला पन्नासच्या आधीचा पुरावा लागते,
बापाचा दाखला चालत नाही,
आज्याचा आण.
आजा कुठं शाळेत गेला, काका?
तिने मला विचारलं, जसं काही
मी त्याच्या वर्गात होतो.

शनिवारी दुपारची सुट्टी झाली, गाडी काढली.
नदीपलीकडची प्राथमिक शाळा,
हेडमास्तर ओळखीचे, पत्र्याची पेटी,
त्यात दाखल-खारीजचं रजिस्टर,
वाळवीनं कडा खाल्लेल्या, पण आडव्या ओळी सोडून दिलेल्या.
आम्ही तिघं एकेक पान फुंकर मारून उलटत होतो.
मग तिचं बोट थांबलं.

एकतीस. सोमा लालू. जात गोंड.
दाखल एक जुलै एकोणीसशे अठ्ठेचाळीस.
खारीज बारा जुलै.
कारण: ढोरं राखण्यास.

अकरा दिवस. त्यांत दोन रविवार.

हेडमास्तर प्रत काढायला गेले, लाइट नव्हती,
दोन तास आम्ही पायरीवर बसलो.
ती हातावर काहीतरी मोजत होती.
नऊ दिवसांत काय शिकते कोणी, काका?
मी म्हटलं, नाव लिहू दिलं, तेवढं पुरे.
पण ते बरोबर उत्तर नव्हतं, हे मलाही समजत होतं.

घरी आजा अजून आहे. ऐकू कमी येते.
तिने कानाशी ओरडून सांगितलं,
तर म्हणाला, नऊ? मले त दोनच याद हायेत.
एक दिवस गूळ-चने भेटले,
एक दिवस मार.
आणि कागद उलटा धरून बराच वेळ पाहत राहिला.

प्रॅक्टिकलला तिला टायट्रेशन आलं.
थेंब, थेंब, थेंब. रंग येतो आणि जातो,
मग एका थेंबाला जात नाही.
तिने तिथेच कॉक बंद केला. ब्युरेट सहा नंबरची होती,
न गळणारी. ती मी तिच्या टेबलावर ठेवली,
हे कुणाला सांगायचं नाही.

जूनमध्ये निकाल, मग फॉर्म, मग पसंतीक्रम.
हर्षल आयटीआयला गेला, डिझेल मेकॅनिक.
प्रणालीचं ब्रह्मपुरी की नागपूर अजून ठरत नाही,
ती रोज ठरवते आणि रोज खोडते.
आचल यादी घेऊन आली, अकोला पहिलं,
कृषी. बाकी नावांपुढे पेन्सिलीने बसचं भाडं लिहिलेलं.

मी बाटल्यांवर नव्या चिठ्ठ्या लावत होतो.
ती उभीच. जायला निघाली, दारातून परत आली.
काका, होस्टेलमंदी बादली आपली न्या लागते का?

मी कधी होस्टेलात राहिलो नाही.
लागते, म्हटलं. झाकणाची घे.
तिने यादीच्या मागे लिहून घेतलं:
बादली.
मग विचारून: झाकण.