दिरंगाईचं कारण

आमच्या बंदराला समुद्र नाही.
अजनीत रुळांच्या बाजूला एक पटांगण,
त्यावर एकावर एक रचलेले डबे,
निळे, विटकरी, एक गंजून कुठल्याच रंगाचा न राहिलेला,
आणि मे महिन्यात पत्र्याला हात लावला
तर कातडी तिथेच राहते.
कोरडं बंदर म्हणतात याला.
भरती-ओहोटी कळते ती फोनवर.

शाळेत शिकवलं होतं, नागपूर देशाच्या मध्यावर,
म्हणजे सगळ्या किनाऱ्यांपासून लांब.
तेव्हा ते ऐकून बरं वाटायचं.

पहिला फोन डिसेंबरात आला.
जहाज लाल समुद्रात शिरणार नाही.
मग कुठून?
आफ्रिकेला वळसा घालून, मॅडम.
सीताबर्डीत गर्दी आहे, धंतोलीतून या,
अशा सुरात.

भिंतीवरचा नकाशा एका टायरवाल्याने दिवाळीला दिलेला.
सुएझ नेमकी घडीवर येते, तिथे फाटलाय,
मीच चिकटपट्टी लावली होती.
खाली चिंचोळ्या जागी बारीक अक्षरांत : बाब अल-मंदेब.
मोमिनपुऱ्याचे सुताचे दलाल, जलील अन्सारी,
बिल्टीसाठी बसले होते. म्हणाले,
बाब म्हणजे दार.
आणि मंदेब?
त्यांनी चहा संपवला.
रडण्याचं.

मी रजिस्टरात लिहिलं : मार्गबदल, चौदा दिवस.

डब्यात हिंगणघाटचं सूत होतं.
भाडं दुप्पट झालं, मग तिप्पट,
मग गिऱ्हाईक म्हणालं, राहू द्या.
सूत परत गेलं, जसं नाकारलेलं स्थळ परत जातं,
कुणी काही न बोलता.
गिरणीची तिसरी पाळी बंद झाली.
कुंदा पराते, माझ्या मामेबहिणीची जाऊ,
अकरा वर्षं रात्रीच जागलेली बाई,
आता रात्री करायचं काय ते तिला कळेना.
मला विचारते,
कोनाची लढाई आहे व ते?
आपलं त्याईच्यात काय चुकलं?
मी सांगायला लागले, सन, करार, सीमा,
ती ऐकता ऐकता तांदूळ निवडत राहिली.
खडे बरेच निघाले.

इंदोऱ्याचा सुगत गजभिये त्याच देशात गेला.
लोखंड बांधायला.
इथे मैदानावर परीक्षा घेतली होती,
वेळ लावून सळ्यांना तार पिळायची.
सुगत पहिल्या फेरीत पास.
पगाराचा आकडा त्याच्या आईनं
तीनदा बोटांवर मोजला,
आणि मग मला विचारलं, तू तर जहाजाईचं पाहते,
पोरगं कोन्त्या बाजूले हाय, सांग नं.
मी म्हटलं, बांधकामाच्या.

आठव्या महिन्यात त्याने फोटो पाठवला.
साइटवरच्या पेटीत एक पिवळं हेल्मेट सापडलं,
आतल्या पट्ट्यावर पेनाने काही लिहिलेलं.
आधी इथे जे कामाला यायचे,
त्यांना आता येऊ देत नाहीत, ताई.
काय लिहिलंय वाचून घ्या ना कुणाकडून.

जलीलभाईंनी फोन लांब धरला, जवळ धरला,
चष्मा काढून पुसला, जणू दोष काचेचा.
नाव आहे.
अर्धं गेलं घामाने.
शेवटचं अक्षर मीम.
करीम असेल, सलीम असेल,
इब्राहीमही.
आमच्या गल्लीत तिघंही आहेत.

मी सुगतला कळवलं.
बराच वेळ उत्तर नाही.
मग आलं :
मापात बसते ताई. काहीच कमीजास्त नाही.

मार्चमध्ये एक डबा रिकामाच परतला,
कडेला पांढरी पापुद्र्यासारखी रेघ.
बोट लावलं, जिभेला लावलं. खारट.
बावीस वर्षांच्या नोकरीत
समुद्र पहिल्यांदा भेटला तो असा.

दिरंगाईच्या कारणाचा रकाना दोन इंची असतो.
साहेब म्हणतात, थोडक्यात लिहा.
एकदा त्यात मी नुसतं म लिहिलं,
पुढे काय ते सुचेना,
मग खोडलं. खोडलेलं दिसतं अजून, उजेडात धरलं तर.
पण तेवढ्यात संध्याकाळची मालगाडी लागली,
आणि डबे मोजायचे राहिले होते.