फुलांसह बाई, तैलरंग

गंगावेशीत माझं फ्रेमचं दुकान.
लग्नाचे फोटो, वारलेले वडील, गदा घेतलेले पैलवान,
क्वचित एखादं खरं चित्र.

हे मास्तरांची नात घेऊन आली,
जुन्या चादरीत गुंडाळून.
मागं पेन्सिलीत: फुलांसह बाई, तैलरंग, कार्तिक.
"जवळून काहीच कळत नाही हो काका.
कडेचे रंग झाका, रुंद सोनेरी पट्टी मारा."

जवळून खरंच कळत नाही.
पिवळ्याचे पंधरा-वीस फटकारे, ती शेवंती.
केशरी बोटानं पुसल्यासारखा, ती अबोली.
पदर नुसता जांभळा, मधेच हिरव्याची चूक.
चेहऱ्याच्या जागी गेरूचे दोन हात
आणि कोरं कापड.

मागं सरकत शटरपर्यंत आलो,
मग रस्त्यावरच उतरलो. रिक्षावाला शिवी देऊन गेला.
तिथनं टोपली दिसली, उतरतं ऊन दिसलं,
आणि खाली कडेला
डाव्या पायाचा अंगठा,
त्याला गुंडाळलेला गजऱ्याचा दोरा, ताणलेला.

सगळ्याच बायका असा दोरा ताणतात, ठाऊक आहे.
पण म्हशीनं पाय दिल्यावर
असा बाहेर वळलेला अंगठा
महाद्वारात एकच होता,
तानूबाई फुलारीचा. आमच्या आईचा.

ती सांगायची,
"एक मास्तर बसला हुता समोर, तीन सांजा.
पयल्या दिवशी पाय काढलं.
दुसऱ्या दिवशी कंबर नि टोपली.
म्हटलं, माझा किरणोत्सव करतोस व्हय रं?
तिसऱ्या दिवशी आभाळ आलं."
आणि ती दुसरंच काहीतरी बोलायला लागायची,
लिलीचा भाव, नाहीतर माझी फी.
देवीकडं निघालेलं ऊन
रोज तिच्या पाठीवरनं जायचं. ती कधी वळून बघायची नाही,
गिऱ्हाईक समोर असायचं.

टेप लावला.
रुंद पट्टीखाली अंगठा बरोबर जातो.
दोनदा मोजलं.
मग माळ्यावरची सागवानी काढली, बोटाएवढी,
बिनरंगाची, कडेला भुंगा लागलेली.

"सोनेरी संपली," मी खोटं बोललो.
नातीनं नाक मुरडलं. "हे बरं दिसेल?"
"लांबनं बघा. रस्त्यावर जाऊन."

ती गेली, डोळे बारीक केले,
एक टेम्पो जाऊ दिला.
"अय्या, कुणीतरी बसलंय की इथं!"

"होय," मी म्हणालो,
आणि खिळे शोधायला लागलो.