कोट नंबर तीन

मोरेवाडीच्या माळावर, चित्रनगरीत
प्लायवूडचं राष्ट्रपती भवन उभं आहे.
पुढून संगमरवर,
मागून गांधीनगरच्या वखारीचा शिक्का.

मी कपडेपटात.
राष्ट्रपतींचे बंद गळ्याचे चार पांढरे कोट
माझ्या हवाली.
एक सभेचा, एक परदेशी पाहुण्यांचा,
चौथा घरात बायकोशी भांडायचा.
तीन नंबरचा, गोळी खायचा.

रक्त मीच कालवतो.
(आम्ही बायकाही 'कालवतो'च म्हणतो इथं.
पुण्याची दिग्दर्शिका पहिल्या दिवशी हसली होती,
आता तीच म्हणते, "मी येतो गं.")
दोन वाट्या काकवी, लाल रंग, चिमूटभर कॉफी.
बाटलीतलं रक्त कॅमेऱ्यात गुलाबी दिसतं,
म्हणून वडणग्याच्या गुऱ्हाळातनं कॅन येतो.

गोळी झाडणारा पोरगा हुपरीचा,
सन्मती मगदूम.
घरी चांदीचं काम, पैंजणाला घुंगरू जोडायचं.
हात म्हणून असा स्थिर.
दिवस बुडायच्या आत जेवतो,
त्यामुळं खुनाचा सीन
नेहमी त्याच्या डब्यानंतर लागतो.

गर्दीतनं पुढं यायचं, दोन्ही हातांत हार,
हाराखाली पिस्तूल.
राष्ट्रपती म्हणजे इंगवले मामा,
एस.टी.च्या वर्कशॉपातनं रिटायर.
पडतात छान,
पण पडताना आधी चष्मा सांभाळतात.
"मामा, मरणाऱ्या माणसाला चष्म्याचं काय?"
"कंपनीचा न्हाय बाई, माझा आहे."

अकराव्या टेकला
काकवीला मुंग्या लागल्या.
बारीक, काळ्या, शिस्तीत,
अंगरक्षकांच्या डोळ्यांदेखत
दुसऱ्या बटणापासून
थेट राष्ट्रपतींच्या काळजात.
मी ओलं फडकं घेऊन धावलो.
सन्मती म्हणाला, थांबा मावशी.
गुडघ्यावर बसला, पिस्तूल हातात तसंच,
आणि फुंकर घालू लागला,
पोळलेल्या बोटावर घालतात तशी, हळू,
एकेका मुंगीला.
सव्वाशे माणसं, जनरेटर चालू,
मिनिटामिनिटाला पैसे जळतायत.
कुणी ओरडलं नाही.
मामा श्वास धरून पडून राहिले.
कॅमेरा बंद होता.

पुढं काय, ते लेखकालाही ठाऊक नव्हतं.
मुंबईहून रोज फोन,
मारा, जगवा, कोमात ठेवा,
बघू आकडे काय येतात.
मला सोमवारीच कळलं.
टेलर कारेकरांना निरोप गेला,
आणखी दोन कोट, छाती दोन इंच कमी.
म्हणजे जगणार.
वाळणार, पण जगणार.
उत्तरेश्वरात आमच्या गल्लीतल्या बायका
नळावर गाठून विचारायच्या,
"खरं सांग, जातोय काय गं म्हातारा?"
मी घागर उचलून चालू लागायचो.
देशाचं गुपित,
इस्त्रीच्या घडीत.

भाग लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी
सन्मती कपिलतीर्थात भाजीला गेला,
तर एका म्हातारीनं मेथीची जुडी फेकून मारली.
"मुडद्या, हारात पिस्तूल?
हाराचा तरी मान ठेवायचास!"
त्यानं जुडी उचलली,
पानं उलटून बघितली, अळी नाही ना,
आणि पंधरा रुपये दिले.

आता राष्ट्रपती बरे झालेत.
रोज रात्री साडेआठला
पाच नंबरच्या कोटात बोलतात,
शत्रूला माफबिफ करतात.
तीन नंबर ट्रंकेत.
चार पाण्यांनी धुतला, भोक रफू केलं,
तरी झाकण उघडलं की गुळाचा वास.
परवा बघितलं,
रफूच्या टाक्यावर एक मुंगी,
वाट चुकल्यासारखी.
आजूबाजूला कुणी नव्हतं.
मी फुंकर घातली.

मग ट्रंक लावली.
पाच नंबरचा अजून इस्त्रीला होता.