घोड्यांचा कोल्हा

माझा नंबर चौदावा होता.
खोगिरांच्या खोलीच्या दाराला, खिळ्यावर लटकलेली यादी,
पावसात शाई ओघळलेली,
तरी चौदा म्हणजे चौदाच. वाट पाहिली.

मग दिन्शोच्या रस्त्याने ते दोघं आले,
एक म्हातारा आणि त्याची थोरली बहीण.
त्यांच्या बॅगेला इतके कप्पे
की चष्मा शोधता शोधता ऊन उतरलं.
तमिरात त्यांची भाषा बोलतो, मी घोड्यांची.
तो म्हणाला, यांना लांडगा हवाय.
बाकीचं दुसऱ्या देशांत पाहून झालंय,
हत्ती, सिंह, गोरिला, सगळ्यांपुढे बरोबरची खूण.
लांडगा म्हणतात ते.
आम्ही म्हणतो घोड्यांचा कोल्हा.
का म्हणतो, ते कुणी विचारलं नाही.

गाभण दामाला घरी ठेवलं,
शेजाऱ्याची घोडी अर्ध्या मजुरीवर घेतली
आणि चढलो सानेतीवर.

दोन दिवस धुकं.
माणसाहून उंच लोबेलियाचे खांब
धुक्यात उभे, जणू तेही तिकीट काढून आलेत.
सकाळी तंबूच्या दोऱ्या गोठून काटक्या झालेल्या.
एका बिळातून मोठा उंदीर वर आला,
डोळे डोक्यावर, दात पिवळे,
तोंडभर गवत ओढून पुन्हा आत.
हे त्याचं जेवण, तमिरात म्हणाला.
मग जेवणारा कुठंय, बहीण हसली.

मी खोगिराचा पट्टा आवळत राहिलो.
तमिरातने त्यांना सांगितलं नव्हतं
की त्याच उतारावर एका वर्षी
आठवड्याभरात नऊ मेले, तोंडाला फेस.
कुत्र्यांचा रोग.
त्याच्या महिनाभर आधी माझा काळा कुत्रा
वरच्या कुरणावरून परतला, तो पाण्याला भिऊन.
मी त्याला काठीने मारलं, रात्री पुरलं,
आणि नऊचा आकडा ऐकला तेव्हा
चुलीत फुंकर घालत बसलो.
कुणाचा कुत्रा, पार्कच्या साहेबांनी गावाला विचारलं.
गाव गप्प.
गावात मीही आलो.

आता लस टोचणारे येतात बर्फाची पेटी घेऊन.
माझा नवा कुत्रा रांगेत पहिला असतो.

तिसऱ्या दिवशी ते उतरले.
म्हातारा म्हणाला, पुढच्या खेपेला.
ते मला सांगताना तमिरातने त्याच्या गुडघ्यांकडे पाहिलं.
बहिणीने घोडीच्या कपाळावर हात ठेवला,
मग हातमोजे काढून मला दिले,
आतून अजून गरम.

पहाटे दामा व्याली.
जवाच्या शेताच्या बांधाला, दहिवरात.
शिंगरू ओलं, त्याला चार पायांचं गणित जुळेना.
वार पडली, वाफाळत.
मोमिना कंदील घेऊन आली
आणि तिने माझी बाही ओढली.

तो बसला होता.
पंचवीस पावलांवर, तांबडा, गळ्याशी पांढरा,
सोयऱ्याच्या उंबऱ्याबाहेर पाहुणा बसावा तसा,
वाढतील तेव्हा वाढतील.
दामाने कान हलवले, बस्स.
कुत्रा साखळीला, एकदाच गुरगुरला.
मी दोन पावलं मागे सरलो.
तो आला, वार उचलली
आणि जवातून निघाला, जड तोंडाने,
घाई न करता.

"अब्बा, ते कालच गेले," मोमिना म्हणाली.
"तमिरातला फोन लाव ना."
फोनमध्ये जीव नव्हता. असता, तरी.

मग तिने विचारलं,
म्हणून का घोड्यांचा कोल्हा?
शाळेत कुणी सांगितलंच नाही.
मी त्या हातमोज्याने शिंगराचं नाक पुसत होतो.
"नऊ होते," मी म्हणालो,
आणि तिथून सांगायला लागलो.