घड्याळ कव्हय लावं?

पारोळ्याच्या बाजारात बेचाळीस दुकानं,
रांगा दोनच.
मिरचीचं पोतं झटकलं की कापडवाला शिंकतो,
बोंबलांच्या वाऱ्याला पेढे नकोत,
हिंमत बागूल आणि त्याचा सख्खा साडू
एका रांगेत आले तर वजनं हवेत.
कोण इकडे, कोण तिकडे,
की भांडणं कमीत कमी उरावीत?
पहिलं दुकान जागेवर धरलं तरी
एकाचे दोन, दोनाचे चार,
असं एकेचाळीस वेळा.

माळ्यावर बसून तेच कोडं
मी तीन दूरदेशीच्या यंत्रांना घातलं.

एक अंतराळाहून गार.
त्याच्या पोटात शेजार आधीच ठरलेला,
लांबच्यांना बोलता येत नाही;
म्हणून एकट्या सुभाबाई मिरचीवालीला
सहा ठिकाणी बसवलं, साखळीनं बांधून.
साखळी तुटली
की चार सुभाबाई इकडे, दोन तिकडे.

दुसरं उजेडाचं.
काचेच्या दोऱ्याच्या रिळात ठिपके फिरतात,
सगळ्यांची सगळ्यांशी ओळख,
फक्त एखादा मधेच मंद पडतो
आणि त्याचं मत कोणी धरत नाही.

तिसरं साधी चिप.
आधी वाईटही चालवून घेतं,
मग चोखंदळ होत जातं,
आमच्या आत्यासारखं.

खाली अण्णा जंतरातून तार ओढत होते.
मी सांगितलं, तुमचंच काम आहे,
तापवायचं आणि हळूहळू निववायचं.
अण्णा हसले.
लाल झालेली तार चिमट्यानं उचलली,
पाण्यात टाकली. चर्र.
"हळूहळू लोहार करस.
आपलं सोनं तसं कडक व्हई जास."

मग तार बोटाला गुंडाळत, सहज:
"तुना गार मशीनले किती टाइम लागना?"
पापणीचा दहा हजारावा भाग, मी म्हणाले.
"घड्याळ कव्हय लावं? शेगडी पेटाडी तव्हय,
का तार लाल झाई तव्हय?"

मी वर गेले. तक्त्यात एक रकाना वाढवला:
शेगडी पेटवल्यापासून.
साखळ्या बांधायचा वेळ, रांगेत थांबायचा,
उत्तर वाचायचा.
गार यंत्र पहिल्यावरून तिसरं झालं,
साधी चिप गुपचूप वर सरकली.
उजेडवालीचा आकडा कंपनीनं अजून कळवलेला नाही.

भांडणं तिघांच्याही उत्तरात अकरा.
तळ तोच, की तिघं एकाच खड्ड्यात,
ते बघायला लॅपटॉप रात्रभर चालू ठेवलाय.

आणि हिंमतला जागा बदल म्हणून
कोणी सांगायचं, हे अजून ठरायचंय.